एक पेशंट, दहा जण: दवाखान्यातलं टीमवर्क शिकवावं का लागतं?

पेशंटला मोठ्या रुग्णालयात दाखल केलं की नातेवाइकांना एक अनुभव हमखास येतो. केसपेपर काढताना सांगितलेलं सगळं कॅज्युअल्टीत परत सांगावं लागतं. वॉर्डात गेल्यावर सिस्टर तेच विचारतात, मग इंटर्न, मग निवासी डॉक्टर. सकाळी राउंडला मोठे डॉक्टर येतात आणि ‘शुगर आहे का?’पासून पुन्हा पहिला पाढा. एक जण सांगतो उपाशी ठेवा, तासाभरानं दुसरा म्हणतो चहा-बिस्कीट द्यायला हरकत नाही. बाहेर व्हरांड्यात बसलेल्या माणसाच्या मनात येतंच, यांचं आपसात काही बोलणं होतं की नाही?

काही वेळा पुन्हा विचारणं मुद्दाम असतं. रक्ताची पिशवी लावण्याआधी किंवा ऑपरेशनच्या टेबलावर नाव परत विचारतात ते ओळख पक्की करायला. तिथं कंटाळू नये. पण पुष्कळदा परत विचारावं लागतं, कारण आधीच्याला सांगितलेलं पुढच्यापर्यंत पोहोचलेलंच नसतं. ही गळती थांबवण्याचा एक मार्ग गेली काही वर्षं वैद्यकीय आणि नर्सिंग शिक्षणाच्या चर्चेत आहे. त्याचं नाव जरा जड आहे: आंतरव्यावसायिक शिक्षण. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली त्याची व्याख्या केली. तिचा आशय असा: दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात, आणि त्यातून पुढं एकत्र काम नीट होऊन पेशंटला फायदा होतो. या लेखात पुढं आपण त्याला नुसतं ‘एकत्र शिक्षण’ म्हणू.

## एका पेशंटभोवती किती जण असतात?

समजा, सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातली एक बाई रात्रीच्या लाइटला उसाला पाणी द्यायला गेली आहे. अकराच्या सुमारास पायाला घोणस चावली. घोणशीचं विष रक्त गोठण्याची क्रियाच बिघडवतं आणि किडनीवरही घाला घालतं.

आशाताईंनी १०८ ला फोन केला. गाडीबरोबर पायलट (म्हणजे ड्रायव्हर) आणि डॉक्टर आले. पावणेबाराला ग्रामीण रुग्णालय. तिथं वैद्यकीय अधिकारी आणि स्टाफ नर्स. लॅब टेक्निशियननं ठेवलेल्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं ठेवलं, रक्त गोठलं नाही. म्हणजे विष अंगात भिनलंय. फार्मासिस्टनं साठ्यात ठेवलेल्या सर्पविषविरोधी औषधाच्या, ज्याला सगळे एएसव्ही म्हणतात, १० व्हायल (कुप्या) सलाइनमधून तासाभरात दिल्या. १ वाजून २० मिनिटांनी डोस संपला. अडीचला बाई सोलापुरात कॅज्युअल्टीत. तिथले डॉक्टर, मग वॉर्डातल्या सिस्टर, आणि लघवीची पिशवी रिकामी करणाऱ्या मावशी.

दहा जण झाले. अजून एक्स-रे, सोनोग्राफी, डायलिसिस, फिजिओथेरपी यांचं नावही घेतलेलं नाही. साडेतीन तासांत ही बाई दहा जणांच्या हातांतून गेली आणि त्यातल्या एकालाही सगळी गोष्ट पहिल्यापासून माहीत नाही.

## नेमकं कुठं निसटतं?

निसटतं ते बहुधा दोन माणसांच्या मधल्या जागेत. वरच्याच प्रसंगात तशा तीन जागा आहेत.

पहिली जागा रेफरची चिठ्ठी. घाईत त्यावर लिहिलं जातं, ‘एएसव्ही दिले, पुढील उपचारासाठी पाठवत आहे.’ किती व्हायल? किती वाजता संपल्या? औषधाची रिॲक्शन आली होती का? हे नसेल तर सोलापुरातल्या डॉक्टरांपुढं पेच उभा राहतो. डोस पुरता झालाय असं धरलं आणि तो अर्धाच असेल, तर पेशंट हातचा जाईल. दिलाच नाही असं धरून परत पूर्ण डोस दिला, तर मोलाचं औषध वाया जाईल आणि रिॲक्शनचा धोका वाढेल. ‘१० व्हायल, १:२० ला संपल्या, रिॲक्शन नाही’ एवढंच लिहिलं असतं, तर सगळा पेच सुटला असता.

दुसरी जागा ती नळी. ही चाचणी फार सोपी वाटते आणि म्हणूनच फसते. नळी काचेचीच हवी, स्वच्छ आणि कोरडी, आणि तिला साबणाचा किंवा डिटर्जंटचा हात लागलेला नसावा. काचेच्या पृष्ठभागामुळं रक्त गोठायला सुरुवात होते. प्लास्टिकच्या किंवा डिटर्जंटनं धुतलेल्या नळीत चांगलं रक्तसुद्धा वीस मिनिटांत गोठेलच असं नाही आणि विष नसताना विष आहे असं वाटतं. मध्येच कुणी नळी हलवून बघितली तरी निकाल बिघडतो. आता बघा, वॉर्डातल्या काचेच्या नळ्या संपून प्लास्टिकच्या आल्या, ही बातमी कुणाकडं असते? लॅबकडं किंवा स्टोअरकडं. निकालावरून औषध ठरवणाऱ्या डॉक्टरांना ती माहीत असेलच असं नाही. दोघेही आपापलं काम चोख करत असतात, आणि तरी चूक होते.

तिसरी जागा ड्युटी बदलण्याची वेळ. पहिला डोस १:२० ला संपला, म्हणजे सहा तासांनी, सकाळी ७:२० ला, रक्ताची तीच चाचणी परत लावायची. रात्रपाळी सुटते आठला. त्या पाऊण तासात सिस्टरना चार्ट पुरे करायचेत, इंजेक्शनं द्यायचीत आणि ओव्हर द्यायचाय, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती सोपवायचीय. नवीन पाळी आल्या आल्या राउंडची तयारी सुरू. चाचणी लावायची कुणी आणि वीस मिनिटांनी बघायची कुणी, हे ठरवून घेतलं नाही तर ती सहज अकरापर्यंत राहून जाते. या आजारात साडेतीन तास फार होतात.

## माणसं चांगली असूनही असं का होतं?

कारण प्रत्येकाला वेगळं बघायला शिकवलेलं असतं आणि दुसरा काय बघतो ते शिकवलेलंच नसतं.

एमबीबीएस साडेचार वर्षांचं, वर एक वर्ष इंटर्नशिप. त्यात मुख्य भर निदानावर. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा. त्यात भर तासातासाला पेशंट बघण्यावर. डॉक्टर दिवसातून दोन-तीनदा पेशंटपाशी काही मिनिटं थांबतात, सिस्टर सहा किंवा बारा तास तिथंच असतात. त्यामुळं ‘हे काय आहे’ ते डॉक्टरांना जास्त कळतं आणि ‘हे बदलतंय’ ते सिस्टरना आधी कळतं. दोन्ही माहिती एकत्र आल्याशिवाय उपचार नीट होत नाही.

फार्मासिस्टचं उदाहरण तर घराघरातलं आहे. आपल्याकडं इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट. सिरिंजही दोन: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. बाटली १०० ची आणि सिरिंज ४० ची झाली, तर ४० च्या खुणेपर्यंत भरलेल्या सिरिंजमधून १०० युनिट जातात, अडीचपट. शुगर धाडकन उतरते, पेशंट बेशुद्ध पडू शकतो. उलटं झालं तर ४० ऐवजी १६ युनिटच जातात आणि ‘इन्सुलिन लागूच पडत नाही’ म्हणून डोस वाढवत बसतात. औषध लिहिणाऱ्याच्या हातात बाटलीही नसते आणि सिरिंजही नसते. त्या देणाऱ्याच्या हातात असतात. तो गप्प बसला तर ही चूक पकडणार कोण?

आणि हे सगळे पहिल्यांदा एकत्र येतात ते थेट नोकरीवर, खऱ्या पेशंटसमोर, बहुधा रात्री.

## एकत्र शिक्षण म्हणजे एका हॉलमध्ये बसणं नव्हे

हा गैरसमज अगदी शिक्षकांमध्येही आहे. ऑडिटोरियममध्ये दोनशे एमबीबीएसची आणि शंभर नर्सिंगची मुलं बसवून ‘टीमवर्कचं महत्त्व’ यावर व्याख्यान दिलं, फोटो काढला, चहा झाला. याला एकत्र शिक्षण म्हणत नाहीत. डाव्या बाजूला एक ॲप्रन, उजव्या बाजूला दुसरा, आणि दोघं एकमेकांशी एक शब्द न बोलता घरी.

खरं एकत्र शिक्षण लहान गटात होतं. सात-आठ जण, निरनिराळ्या अभ्यासक्रमांचे. समोर एक प्रसंग, आणि तो असा की एकट्यानं सुटणारच नाही.

## मग शिकवतात ते नेमकं काय?

मुख्यतः बोलणं. ऐकायला साधं वाटतं, पण यातल्या प्रत्येक गोष्टीचा सराव लागतो.

डॉक्टरांना फोन कसा करायचा. आपल्याकडं मध्यरात्रीचा नेहमीचा फोन असा असतो: ‘सर, सात नंबरचा पेशंट जरा बरा वाटत नाहीये, येऊन जाता का?’ पलीकडून उत्तर येतं, ‘बघतो.’ सिस्टरनं कळवलं, डॉक्टरनं ऐकलं, आणि पेशंटचं काहीच झालं नाही. यावर चार टप्प्यांची एक पद्धत आहे. ती मूळची अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधली, तिथून रुग्णालयांत आली. आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतंय, मला काय हवंय. आपल्या मोहोळच्या बाईचा फोन या पद्धतीनं असा होईल:

‘सर, फीमेल मेडिसिन वॉर्डमधून स्टाफ नर्स बोलतेय. बेड सात, सर्पदंश. हिरड्यांतून परत रक्त यायला लागलंय, बीपी ९० बाय ६०, पल्स ११८. एएसव्हीच्या दहा व्हायल ग्रामीण रुग्णालयात झाल्यात, १:२० ला संपल्या. आत्ता ७:२० ला लावलेल्या नळीत रक्त गोठलेलं नाही, नळी काचेचीच होती. लघवी पाच तासांत ६० मिली, लालसर. मला वाटतं विषाचा परिणाम सुरूच आहे आणि किडनीवर येतोय. तुम्ही दहा मिनिटांत बघायला या, आणि पुढच्या व्हायल मी आत्ताच मागवून ठेवू का?’

सगळं मिळून अर्धा-पाऊण मिनिट. या फोनला ‘बघतो’ असं उत्तर देणं अवघड आहे. चारपैकी सगळ्यात जास्त गाळला जातो तो तिसरा टप्पा, ‘मला वाटतं’. ‘निदान करणं आमचं काम नाही’ अशी धास्ती सिस्टरच्या मनात असते. पण अंदाज सांगणं म्हणजे निदान करणं नव्हे. ज्यानं पेशंट रात्रभर पाहिला त्याचा अंदाज ही माहितीच आहे, आणि ती दाबून ठेवली तर पेशंटचं नुकसान होतं.

सांगितलेलं परत म्हणून दाखवणं. याच बाईला दुसरा डोस सुरू असताना अंगावर गांध्या उठल्या, श्वास लागला, तर औषध लगेच थांबवून ॲड्रेनलिन द्यावं लागतं. गडबडीत डॉक्टर तोंडी सांगतात: ‘ॲड्रेनलिन अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत.’ सिस्टर ते तसंच परत म्हणतात: ‘ॲड्रेनलिन अर्धा मिलिग्रॅम, स्नायूत, शिरेत नाही.’ डॉक्टर म्हणतात ‘बरोबर’. दिल्यावर सिस्टर मोठ्यानं सांगतात: ‘दिलं, आठ बेचाळीस.’ तेव्हा कुठं ती ऑर्डर पुरी झाली. नुसत्या ‘हो सर’नं ती पुरी होत नाही, कारण काय ऐकलं गेलं ते ‘हो सर’मधून कळत नाही. गोंगाटात आठ आणि साठ, फिफ्टीन आणि फिफ्टी एकसारखे ऐकू येतात. म्हणून आकडा सुटा सुटा म्हणायचा: एक-पाच, पाच-शून्य. आणि तोंडी ऑर्डर प्रसंग निवळला की लगेच कागदावर आली पाहिजे, सहीसकट.

ओव्हर पेशंटपाशी. टेबलावर बसून रजिस्टर वाचून दिलेला ओव्हर आणि बेडपाशी उभं राहून दिलेला ओव्हर यांत मोठा फरक पडतो. बेडपाशी सलाइन किती उरलंय ते दिसतं, पिशवीतल्या लघवीचा रंग दिसतो, आणि जुन्या-नव्या दोघी सिस्टर एकच गोष्ट एकाच वेळी बघतात. प्रत्येक पेशंटमागं एक वाक्य सक्तीचं करावं: ‘पुढच्या दोन तासांत याचं काय करायचंय?’ ७:२० ची चाचणी निसटते ती हे वाक्य नसल्यामुळं.

अडवायचं कसं. यावर थोडं सविस्तर बोलावं लागेल, कारण खरा आक्षेप इथं आहे.

## ‘सिस्टरनं डॉक्टरला अडवायचं? मग शिस्त कुठं राहिली?’

२७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरिफ बेटावर धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाण घेणाऱ्या विमानाच्या कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरनं शंका काढली होती की समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना. कॅप्टन अतिशय अनुभवी. त्यांनी ती शंका बाजूला सारली आणि इंजिनिअर पुढं काही बोलला नाही. अशा अपघातांनंतर विमान कंपन्यांनी कॅप्टनचा अधिकार काढून घेतला नाही. कनिष्ठांनी शंका कशी काढायची आणि कॅप्टननं ती कशी ऐकायची, याचं प्रशिक्षण दोघांनाही सक्तीचं केलं. रुग्णालयांतल्या टीम प्रशिक्षणाची बरीचशी मुळं तिथं आहेत.

अडवण्याच्या तीन पायऱ्या आहेत, आवाज न चढवता. ‘सर, मला काळजी वाटतेय.’ ऐकलं नाही तर, ‘सर, मला हे बरोबर वाटत नाहीये.’ तरीही नाही तर, ‘सर, यात पेशंटला धोका आहे, एक मिनिट थांबूया.’ नियम असा की शंका किमान दोनदा बोलून दाखवायची. पहिल्यांदा समोरच्याला कदाचित ऐकूच आलेलं नसतं. दोनदा सांगूनही कारण न देता पुढं रेटलं, तर वरिष्ठांना कळवायचं, आणि त्याबद्दल सिस्टरला कुणी जाब विचारायचा नाही. ही शेवटची हमी संस्थेनं दिली नसेल, तर वरचं सगळं फुकट.

सोलापूरकरांना हे यंत्रमागावरून पटकन समजेल. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की मागातला छोटासा काटा ते ओळखतो आणि माग थांबतो. काटा मालकाची परवानगी विचारत नाही, आणि त्यामुळं मालकाची मालकीही जात नाही. उपचार काय द्यायचा हा अधिकार डॉक्टरांचाच राहतो. थांबवण्याचा अधिकार मात्र सगळ्यांना हवा, अगदी मावशींनाही. लालसर लघवी पहिल्यांदा त्यांनीच पाहिलेली असते.

आणि डॉक्टरांनाही शिकायचं असतं, कदाचित जास्तच. शंका काढणाऱ्याला ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणणं, शंका चुकीची निघाली तरी म्हणणं. एकदा वॉर्डात चारचौघांत सिस्टरला झापलं की ती पुढचे सहा महिने काही सांगत नाही, आणि तिला झापताना पाहिलेल्या बाकीच्याही सांगत नाहीत.

## ‘सगळेच जबाबदार म्हणजे कुणीच जबाबदार नाही’

टीम नुसती नावाला असेल तर हे अगदी खरं आहे. म्हणूनच एकत्र शिक्षणाचा पहिला धडा भूमिकांचा असतो: कोणतं काम कुणाचं, आणि कोणतं कुणाचं नाही. ‘कुणीतरी रक्त लावा’ असं म्हटलं की कुणीच लावत नाही. नाव घेऊन, डोळ्यात बघून, एकाला एक काम सांगायचं. आणि आणीबाणीत एकच जण सूत्रं हलवणार, तो कोण ते मोठ्यानं जाहीर करायचं. कायद्यानं ज्याची त्याची जबाबदारी ज्याच्या त्याच्याकडंच राहते.

## यानं फायदा होतो, याला पुरावा काय?

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची यादी आणली. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर जाण्याआधी असे तीन थांबे. एका थांब्यावर थिएटरमधल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. ज्यानं एकदा तोंड उघडलंय तो पुढं शंका काढायला कमी कचरतो. जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, त्यात दिल्लीही होती. २००९ साली छापलेल्या निकालात मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर आलेलं दिसलं.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात हीच यादी सक्तीची झाली. तिथल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ साली आला. त्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. त्यावर वाद पुष्कळ झाला, पण ज्यांनी थिएटरमध्ये काम केलंय त्यांना एक कारण लगेच ओळखू येईल: सगळ्या खुणा आधीच करून ठेवलेला फॉर्म. यादी भरली जाते, थांबत कुणी नाही. हा धोका आपल्याकडंही आहे, आणि मानांकनाच्या तपासणीच्या आठवड्यात तो सगळ्यात जास्त असतो.

खुद्द एकत्र शिक्षणावरच्या संशोधनाचा एक मोठा आढावा २०१३ साली झाला. निकषांत बसणारे अभ्यास १५ निघाले. सातांत फायदा, चारांत संमिश्र निकाल, चारांत काहीच फरक नाही. म्हणजे हे रामबाण नाही. एक दिवसाचं शिबिर घेऊन सोडून दिलं तर काही हाती लागणार नाही. जिथं शिकलेलं वॉर्डात रोज वापरावं लागतं, तिथं ते टिकतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

## ‘माणसंच कमी आहेत, त्यात हे कुठं बसवायचं?’

सगळ्यात प्रामाणिक आक्षेप हाच. एका सिस्टरकडं चाळीस-पन्नास पेशंट असतील, तर टीमवर्कच्या गप्पा तिला चेष्टा वाटतील, आणि त्यात तिची चूक नाही. रिकाम्या जागा भरण्याला एकत्र शिक्षण हा पर्याय नाही. तसा वापर कुणी करू पाहत असेल तर त्याला विरोध व्हायलाच हवा.

पण वेळ वाढतो हे खरं नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत बालरोग विभागातल्या निवासी डॉक्टरांना ओव्हर देण्याची ठराविक पद्धत शिकवली. २०१४ साली आलेल्या निकालात वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगं नुकसान ३० टक्क्यांनी कमी झालं. ओव्हरला दर पेशंटमागं लागणारा वेळ अडीच मिनिटांच्या आसपास होता, तो तसाच राहिला. माणसं कमी असतील तर एकच गोष्ट चारदा विचारण्यात जाणारा वेळ वाचवणं उलट जास्त गरजेचं आहे.

## सोलापुरात हे कसं करता येईल?

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे, कुंभारीला अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, नर्सिंगची आणि फार्मसीची महाविद्यालयं आहेत. मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्यापासून ते धाराशिव आणि कर्नाटकातून कलबुर्गी-विजयपूरपर्यंतचे पेशंट इथं येतात. म्हणजे शिकणारेही इथंच आणि शिकण्याची गरजही इथंच.

अडचण रचनेची आहे. डॉक्टरांसाठी २०१९ चा कायदा आणि आयोग वेगळा, फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्नॉलॉजिस्ट वगैरेंसाठी २०२१ चा वेगळा, नर्सिंगसाठी २०२३ चा वेगळा. एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात ‘टीमचा नेता आणि सदस्य’ ही डॉक्टरच्या पाच भूमिकांपैकी एक म्हणून लिहिली आहे. पण कुणाबरोबर सराव करून ती अंगी बाणवायची? महाराष्ट्राला यात एक सोय आहे. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून वैद्यकीय, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी या सगळ्यांचं एकच आहे. वेळापत्रकातला एक समान तास तिथून ठरू शकतो. फार्मसीची महाविद्यालयं त्या विद्यापीठात येत नाहीत, त्यांच्याशी मात्र स्थानिक पातळीवर बोलून ठरवावं लागेल.

एका सत्राला दीड तास पुरतो. आठ जणांचा गट: तीन नर्सिंगचे, तीन एमबीबीएसचे, एक फार्मसीचा, एक फिजिओथेरपीचा. सगळे शेवटच्या दोन वर्षांतले, कारण पहिल्या वर्षाच्या मुलांकडं एकमेकांना द्यायला अजून काही नसतं. शिकवणारे दोन, एक नर्सिंगचा आणि एक डॉक्टर. सरावासाठी पेशंटचा महागडा पुतळा लागत नाही. एक विद्यार्थी बेडवर पेशंट होतो, बीपी-पल्सचे आकडे कार्डांवर, काचेच्या नळीत लाल पाणी.

खरी युक्ती कार्डांत आहे. प्रत्येकाला वेगळी माहिती द्यायची आणि ती दुसऱ्याला दाखवायची नाही. लघवीचा रंग फक्त नर्सिंगच्या कार्डावर. साठ्यात सहाच व्हायल उरल्यात हे फक्त फार्मसीच्या कार्डावर. पायाची सूज तासात चार बोटं वर चढली हे फिजिओच्या कार्डावर. एमबीबीएसच्या कार्डावर तपासणी. आता बोलल्याशिवाय प्रसंग सुटतच नाही. १५ मिनिटं तयारी, २० मिनिटं प्रसंग, ४५ मिनिटं चर्चा, १० मिनिटं लिहून काढायला. चर्चा प्रसंगाच्या दुप्पट तरी हवीच, शिकणं तिथं होतं. आणि चर्चेत प्रश्न एवढेच: तुला काय माहीत होतं जे बाकीच्यांना नव्हतं? ते केव्हा सांगितलंस? आधी का नाही?

फसतं कुठं, तेही ठरलेलं आहे. दोन मिनिटांत एमबीबीएसचा एक जण सूत्रं हातात घेतो आणि नर्सिंगच्या मुली लिहीत बसतात. अशा वेळी दुसऱ्या फेरीत सूत्रं नर्सिंगकडं द्यायची. शिक्षकाला राहवत नाही आणि तो लेक्चर सुरू करतो. फार्मसीच्या मुलाला काही कामच नसेल असा प्रसंग निवडला जातो. आणि परीक्षेत गुण नसल्यामुळं तिसऱ्या सत्रापासून निम्मी मुलं गळतात. थोडे का होईना, अंतर्गत गुण ठेवावेच लागतात.

सोलापूरच्या प्रसंगांत भाषेचं एक कार्ड आवर्जून घालावं. अक्कलकोटकडची आजी कन्नड बोलते, शहराच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बाई तेलुगू. ‘कुठं दुखतंय’ एवढं हातवाऱ्यांनी कळतं, पण ‘केव्हापासून, कसं, आधी कोणती गोळी घेतली’ हे कळत नाही. वॉर्डात ती भाषा येणारी व्यक्ती बहुधा मावशी, मामा किंवा एखादी सिस्टर असते. तिला बोलावून घेणं, तिच्याकडून एकेक वाक्य नीट भाषांतर करून घेणं, आणि तिचं नाव केसपेपरवर लिहिणं, हाही टीमवर्कचाच धडा आहे.

## नातेवाइकांनी काय करावं?

एक कागद तयार ठेवा. आजार केव्हा सुरू झाला, कोणती औषधं चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, आधीच्या दवाखान्यात काय दिलं आणि किती वाजता. रेफरच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मूळ कागद कॅज्युअल्टीत द्यावा लागतो. सर्पदंशात ‘किती व्हायल दिल्या आणि केव्हा संपल्या’ हे निघताना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. घरून इन्सुलिन आणत असाल तर बाटली आणि सिरिंज दोन्ही आणून सिस्टरना दाखवा.

उपाशी ठेवायचं की चहा द्यायचा यावर दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या, तर मनानं एक निवडू नका. दुसऱ्याला सांगा, ‘मघाशी डॉक्टरांनी उपाशी ठेवायला सांगितलंय, तुम्ही एकदा त्यांना विचाराल का?’ आणि पाळी बदलल्यावर नव्या सिस्टरना एवढं जरूर विचारा: ‘पुढच्या दोन तासांत आमच्या पेशंटचं काय व्हायचंय?’